सामाजिक न्याय दिन कसा साजरा करावा

२६ जून आला. शाहू महाराजांची जयंती, म्हणजे सामाजिक न्याय दिन. गावपुढारी आणि साहेबलोकांची ऐन वेळी धांदल नको, म्हणून या सूचना.

सकाळी दिंडी काढा. साहेब येईपर्यंत पोरं उन्हात उभी ठेवा.

महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, हे भाषणात ठासून सांगा. आपल्या ऑफिसातल्या रिकाम्या राखीव जागांबद्दल कोणी विचारलंच, तर चहा पाजा. अनुशेषाची आपल्या विदर्भाला सवयच आहे.

वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय सरकारनं २०२० मध्येच घेतला. फलक रंगवून घ्या. नाली तुंबलेलीच राहू द्या.

स्मशानं दोन असली तरी भाषणात गाव एकच म्हणा.

आणि जातीचा दाखला मागायला कोणी आलं, तर त्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागा. आमच्या पुतणीच्या दाखल्यासाठी मला मागितला तसा. "आजोबाचा शाळेचा दाखला आणा न भाऊ." आजोबा! त्यांना मास्तरानं शाळेबाहेर ओट्यावर, पोत्यावर बसवलं. नाव दाखल-खारीज रजिस्टरात चढवलंच नाही. जातीमुळे. आता तीच जात सिद्ध करायला त्याच रजिस्टराचा उतारा पाहिजे! मग म्हणाले, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल आणा. तहसिलीतल्या बाबूनं बुक उघडलं, तर आमच्या गावाचं पान अर्धं गळून गेलेलं. 'वल्द'च्या पुढे, बापाच्या नावाच्या जागी, नुसतं भोक. "याले आम्ही काय करू?" म्हणे. तुम्ही काही नका करू बाप्पा, पान तर आम्हीच खाल्लं! आमचं निदान एक गाव तरी होतं. पालं घेऊन फिरणाऱ्या भटक्यांना हेच लोक विचारतात, १९६१ च्या आधी तुम्ही कुठं राहत होते, पुरावा दाखवा. रस्त्यावर राहत होते, साहेब. रस्त्याचा सातबारा निघते का?

आता सूचना-बिचना राहू द्या. लाज वाटते का काही? त्या ओट्यावर कोण बसत होतं, कोणत्या मोहल्ल्यात कोण राहते, पाणी भरताना कोणाच्या बाईनं बाजूला थांबायचं, हे अख्ख्या गावाला तोंडपाठ आहे. तेव्हा कोणी कागद मागत नाही. कागद फक्त हक्क द्यायच्या वेळी आठवतो. पोरीच्या प्रवेशाची तारीख चालली आहे अन् तुम्ही मंडपाचं मोजमाप करता? गृहचौकशी लावा, गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब घ्या अन् फाईल मोकळी करा. फोटोला हार मग घाला.