‘घरबसल्या बारा हजार’ घेणारा शेतकरी

पीएम-किसानचा हप्ता जमा झाला की एक मेसेज हमखास फिरतो: शेतकऱ्याला वर्षाला 12 हजार घरबसल्या, खत-वीज फुकट, टॅक्स शून्य, वर निम्मे लाभार्थी नोकरदार, भरतो कोण, तर आपण. यातला एकेक मुद्दा घेऊ.

12 हजारांचा आकडा खरा आहे. केंद्राच्या पीएम-किसान योजनेचे 6 हजार आणि 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6 हजार. केंद्राचा दर चार महिन्यांचा हप्ता 2019 मध्ये 2 हजार होता, आजही तेवढाच आहे. आता हे 12 हजार लातूरच्या आडतीवर नेऊन बघा. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता 4,892 रुपये. दिवाळीच्या आसपास बाजारात भाव मिळत होता 4,200-4,300. म्हणजे क्विंटलमागे साधारण 600 रुपयांची खोट. वीस क्विंटल माल घातला की वर्षाचे बारा हजार तिथेच वळते झाले; हमाली-तोलाई अजून धरलीच नाही. हमीभाव केंद्रावर का नाही नेला? 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला माल तिथे घेत नव्हते. मर्यादा 15 टक्के झाली ती नोव्हेंबरच्या मध्यावर. ज्याला रब्बीचं बियाणं आणि दुकानदाराची उधारी भागवायची होती, त्याने तोवर माल विकून टाकला होता.

खत फुकट? युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, डीएपीची 50 किलोची 1,350 ला. अनुदान मोठं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण ते कंपनीच्या खात्यात जातं आणि शेतकरी गोणीचे पैसे रोख मोजतो. पेरणीच्या तोंडावर डीएपीसोबत नको असलेली द्रव खताची बाटली गळ्यात मारतात, ते वेगळंच.

वीज साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना माफ आहे. ज्याच्याकडे विहीर-बोअर नाही, त्या कोरडवाहू माणसाला यातून काय मिळतं?

शेती उत्पन्नावर आयकर नाही, हे बरोबर. पण या सवलतीचा मोठा फायदा मोठ्या उत्पन्नवाल्यांना. चार-पाच एकर सोयाबीनवाल्याचं उत्पन्न कराच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही. तो फवारणीच्या औषधावर 18 टक्के जीएसटी मात्र भरतो, आणि व्यापाऱ्यासारखा तो कर पुढे वळता करून घेता येत नाही.

राहिले नोकरदार. आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी कर्मचारी, डॉक्टर, वकील यांना नियमानेच वगळलेलं आहे. तरीही काहींनी हप्ते उचलले. तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा निघाल्या, हेही खरं, आणि वसुली व्हायलाच हवी. ‘निम्मे’ कुठून आले, ते मेसेज लिहिणाराच जाणे.

खरी गळती मेसेजमध्ये नाहीच. पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात, कसणाऱ्याला नाही. ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) दुसऱ्याचं रान करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, त्यामुळे हप्त्याच्या यादीतही नसतं. 1 फेब्रुवारी 2019 नंतर ज्याने पोटाला चिमटा घेऊन एकर-दीड एकर विकत घेतलं, तोही बाहेर. वारसाने आलेली जमीन तेवढी चालते. मालक पुण्यात असला आणि वर सांगितलेल्या वगळलेल्या कुठल्या वर्गात बसत नसला तर हप्ता त्याच्या खात्यात जातो, आणि ठोक्याची रक्कम त्याला पेरणीआधी वेगळी मिळते.