काचेवरचा फोटो आणि गळ्यातली पाटी

दुकानात चोरी करताना कुणी सापडलं की आपल्याकडे लगेच सुचवलं जातं: फुटेज सोसायटीच्या ग्रुपवर टाका, गळ्यात पाटी अडकवा, बाजारपेठेतून धिंड काढा. कुणी हरकत घेतली की उत्तर ठरलेलं, ‘परदेशात असलं खपवून घेत नाहीत.’

इंग्लंडमध्ये दिसतं ते वेगळं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०२५ला संपलेल्या वर्षात पोलिसांनी ५,३०,६४३ दुकानचोऱ्या नोंदवल्या. प्रत्यक्षातल्या चोऱ्या याहून कितीतरी जास्त, कारण बहुतेक वेळा दुकानदार तक्रारच करत नाहीत. २०१४च्या कायद्याने २०० पौंडांपर्यंतची दुकानचोरी सहसा कनिष्ठ न्यायालयातच निकाली निघू लागली. ती गुन्हाच राहिली, पण ‘दोनशेच्या आत पोलीस येत नाहीत’ असा समज पसरला. चीज, मांस, बाळाच्या दुधाची पावडर, रेझरची पाती, कॉफी, दारू असा माल जातो. आकाराने लहान, महाग आणि बाहेर लगेच खपणारा. कोपऱ्यावरच्या दुकानात, आणि अशी कितीतरी दुकानं आपल्या उपखंडातून आलेली कुटुंबं चालवतात, दिवसाचा नफा एका पिशवीतून निघून जातो.

अशा दुकानदाराने वैतागून चोरांचे फोटो काचेवर चिकटवले तर त्याचा राग मला समजतो. २०२५मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने सांगितलं, फोटो पोलिसांना द्या. काचेवर लावलेत तर माहिती संरक्षण कायद्याचा भंग होऊ शकतो. त्यावर गदारोळ झाला. चोराची अब्रू जपता, मग दुकानदाराचं काय? प्रश्न रास्त आहे. तरी फोटो लावू नये असंच माझं मत आहे, आणि त्याचं कारण चोराची दया नव्हे.

दुकानातल्या सुरक्षारक्षकांना सहा पायऱ्या शिकवतात: माणूस मालाजवळ गेला, वस्तू उचलली, लपवली, त्यानंतर तो सतत नजरेत राहिला, पैसे न देता काउंटर ओलांडला, दाराबाहेर पडला. मधली एक पायरी निसटली तरी अडवायचं नाही. चौथी सर्वांत जास्त निसटते. रक्षकाची नजर दहा सेकंद हटली, तेवढ्यात त्या माणसाने डबा दुसऱ्या शेल्फवर ठेवून दिला, तर हातात उरतो तो खोटा आरोप. ग्रुपवर फिरणारी क्लिप बहुधा तिसऱ्या पायरीवर संपते. तिच्यात चेहरा असतो, पण पैसे दिले की नाही हे नसतं.

चेहरे ओळखणारे कॅमेरेही इथेच ठेचकाळतात. अमेरिकेत राइट एड या औषध दुकानांच्या साखळीवर डिसेंबर २०२३मध्ये अशा कॅमेऱ्यांबाबत पाच वर्षांची बंदी आली. यंत्रणा निरपराध ग्राहकांना चोर ठरवत होती.

शिवाय फोटोची लाज वाटते कुणाला? टोळीने येणारे आज या गावात, उद्या दुसऱ्या. व्यसनी माणसाला काचेकडे बघायची शुद्ध नसते. त्या फोटोने मोडतो तो पहिल्यांदा हात घातलेला शाळकरी मुलगा, आणि त्याच गल्लीत राहणारी त्याची आई.

चोरी अडते ती कंटाळवाण्या गोष्टींनी. महाग मालाचे दोन-तीनच नग शेल्फवर, बाकीचे आत. गल्ल्यावरून दिसणार नाही इतकं उंच रॅक नको. आत येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून ‘काय हवंय?’ एवढं विचारणारा माणूस हवा. आपण दिसलो आहोत हे कळलं की बरेच जण वस्तू परत ठेवतात. दाराशी वाजणारे टॅग उपयोगी, पण रेडिओ लहरींवर चालणारं ८.२ मेगाहर्ट्झचं लेबल धातूच्या डब्यावर लावलं तर निकामी होतं, आणि फॉइलचं अस्तर लावलेली पिशवी त्याला चकवते. गल्ल्यावर टॅग बंद करायला विसरलं की प्रामाणिक गिऱ्हाईक दारात वाजतं. असं दिवसभर वाजत राहिलं की संध्याकाळी कुणी मान वर करून बघतही नाही.

आपल्याकडे धिंडीची मागणी करणाऱ्यांनी स्वतःचा कायदाही पाहावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३नुसार ५,००० रुपयांखालची चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. या कलमाखाली एवढ्या किमतीची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरते. खासगी माणसाला अटकेचा अधिकार आहे तो डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात, आणि तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. म्हणजे ३०० रुपयांच्या शॅम्पूसाठी पोराला गोदामात डांबून ठेवणारा दुकानदार स्वतःच आरोपी होऊ शकतो.

तक्रार करायचीच असेल तर डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, जुनं फुटेज पुसून टाकण्याआधी शेल्फ, काउंटर आणि दार या तिन्ही कॅमेऱ्यांचं सलग फुटेज काढून ठेवा. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करू नका, मूळ फाइलच घ्या. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा सांकेतिक आकडा, नोंदवायचा असतो.