गुम्मर्सबाखविषयीच्या दोन आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

फाउएफएल गुम्मर्सबाख या जर्मन हँडबॉल क्लबवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत: क्लबची जुनी विजेतेपदे दुबळ्या स्पर्धेत मिळाली असून ती एकट्या हान्सी श्मिट या खेळाडूची कमाई आहे, आणि क्लबचाच खेळाडू योआखिम डेकार्म याच्या अपघातावरचा परिच्छेद इतिहासात मोडत नाही, ती निव्वळ भावनिकता आहे.

पहिल्यातील एक भाग मला मान्य आहे. १९६६ मध्ये सुरू झालेली बुंडेस्लिगा, म्हणजे पश्चिम जर्मनीची सर्वोच्च हँडबॉल साखळी, १९७७ पर्यंत उत्तर व दक्षिण अशा दोन गटांत खेळली जात असे, त्यामुळे त्या काळातील विजेतेपदे आजच्या एकगटी साखळीतील विजेतेपदांच्या पंक्तीला जशीच्या तशी बसवता येत नाहीत. ही नोंद लेखात हवी होती. आता घातली आहे. मात्र १९६७ मध्ये डॉर्टमुंड येथे ज्या डुक्ला प्राग या चेकोस्लोव्हाक क्लबला १७-१३ असे हरवून गुम्मर्सबाखने युरोपियन कप जिंकला, तो संघ चार वर्षांपूर्वीचा युरोपविजेता होता, त्याला दुबळा कसे म्हणावे?

श्मिटचे मोठेपण मी कमी लेखत नाही. रुमानियाच्या बनात भागातून आलेला आणि १९६३ च्या दौऱ्यात पश्चिम जर्मनीतच राहिलेला हा खेळाडू उडी मारल्यावर चेंडू हातात रोखून धरी आणि बचावपटू खाली उतरू लागले की मगच फेकी. पण तो १९७६ मध्ये थांबला, तेव्हा क्लबच्या बारा राष्ट्रीय विजेतेपदांपैकी पाच अजून मिळायची होती. त्यांतील १९८८ आणि १९९१ ची दोन तर गुम्मर्सबाखमध्येच जन्मलेल्या हायनर ब्रांडच्या प्रशिक्षणाखाली आली.

डेकार्मविषयी मात्र माझे मत बदललेले नाही. ३० मार्च १९७९ रोजी हंगेरीतील टाटाबान्या येथे, कपविजेत्यांच्या कपच्या (राष्ट्रीय कप जिंकलेल्या क्लबांच्या युरोपीय स्पर्धेच्या) उपांत्य सामन्यात, प्रतिस्पर्ध्याशी टक्कर होऊन तो कोसळला. खाली काँक्रीट होते आणि त्यावर केवळ पातळ आच्छादन. आदल्याच वर्षी विश्वविजेता ठरलेला, १०४ आंतरराष्ट्रीय सामन्यांत ३८१ गोल करणारा हा पंचवीस वर्षांचा खेळाडू १३१ दिवस कोमात होता आणि पुन्हा कधी खेळू शकला नाही. त्या मोसमात तो कप गुम्मर्सबाखनेच जिंकला. करंडकाची नोंद ठेवायची आणि उपांत्य सामन्यात काय घडले ते गाळायचे, हे मला जमणार नाही. तो परिच्छेद लेखात तसाच राहील.