'फ्लॅट विकून फूटपाथवर येतात' म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर तो लांबलचक मेसेज आला, तुमच्याकडेही आला असेलच. सरकार झोपडीवाल्यांना फुकट फ्लॅट देतं आणि ते विकून हे लोक परत रस्त्यावर येतात. पीएम आवासमध्ये हवं त्याला घर मिळालंय. फुकट रेशन आणि लाडकी बहीणमुळे कोणाला काम नकोय, सुप्रीम कोर्टानेच तसं म्हटलंय. बेघरांचे निवारे रिकामे पडलेत. आणि शेवटी, अशी माणसं दिसली तर काही देऊ नका, पोलिसांना कळवा. एरवी मी असल्या मेसेजना उत्तर देत बसत नाही, पण आमची आई, जी पुलाखालच्या एका बाईला वर्षानुवर्षं सणावाराला डबा देते, तिने हे वाचून त्या बाईला तोंडावर विचारलं की तुझा फ्लॅट कुठेय, भाड्याने दिलास का? ती बाई काही न बोलता डबा घेऊन गेली. म्हणून लिहितेय.

आधी फ्लॅटचं बघू. एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं घर झोपडीच्या बदल्यात मिळतं, आणि झोपडी 1 जानेवारी 2000 च्या आधीची असल्याचा पुरावा असला तरच फुकट. 2000 ते 2011 मधली असेल तर अडीच लाख भरायचे, त्यानंतरची असेल तर तुम्ही अपात्र. आता सांगा, जो रात्री दुकानाच्या शटरसमोर गोधडी टाकून झोपतो त्याच्याकडे कुठली झोपडी आणि कुठला पुरावा? फूटपाथवरच्या काही जुन्या वस्त्यांना घरं मिळालीत, पण तिथे चार भिंती आणि कागद तरी होते. उलट परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे कोण पात्र कोण अपात्र या सरकारी यादीत, ज्याचं नाव अपात्र म्हणून लागतं त्याची खोली प्रोजेक्टसाठी पडते आणि हातात काहीच येत नाही, त्यातले काही खरंच रस्त्यावर येतात. मेसेजवाल्याने हे पाहिलंच नाही.

हो, एसआरएचे फ्लॅट विकले जातात, भाड्याने दिले जातात, मला माहितीये आणि ते चूकच आहे. पण विकणारा मुंबईबाहेर नालासोपाऱ्याला नाहीतर दिव्याला खोली घेतो, किंवा दुसऱ्या झोपडपट्टीत जातो. हातात लाखो रुपये असताना पोरांना घेऊन पुलाखाली कोण झोपेल हो? जरा तरी विचार करा फॉरवर्ड करताना.

पीएम आवासचं थोडक्यात सांगते. 2015 च्या योजनेत एका भागात स्वतःची जागा लागायची, दुसऱ्यात बँकेचं कर्ज, तिसऱ्यात सरकारी मदत सोडून उरलेली किंमत आपण भरायची. रस्त्यावरच्या माणसाकडे यातलं काय आहे? 2024 ला दुसरा टप्पा आला त्यात परवडणारी भाड्याची घरं हा वेगळा भाग आहे, तो नीट राबवला तर या लोकांना खरा उपयोग होईल.

आता कोर्टाचं, कारण सगळे त्याच्यावरच उड्या मारतायत. 12 फेब्रुवारी 2025 ला न्यायमूर्ती बी. आर. गवई सुनावणीत बोलले होते की फुकट रेशन आणि पैशांमुळे लोक काम करायला तयार नाहीत, आपण परजीवी तर तयार करत नाही ना. बोलले, हे खरंय. पण तो तोंडी शेरा होता, निकाल नव्हता. आणि ती केस कसली होती माहितीये का? शहरी बेघरांच्या निवाऱ्यांची! त्याच सुनावणीत कोर्टाने केंद्राला विचारलं की शहरी गरिबीसाठी जे नवीन मिशन आणताय त्याला किती वेळ लागणार. कारण ज्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून निवाऱ्यांना पैसा यायचा ते 30 सप्टेंबर 2024 ला संपलं होतं. मेसेजमध्ये यातली एक ओळ नाही, फक्त 'परजीवी' तेवढा उचललाय.

आणि पुलाखालच्या त्या बाईला लाडकी बहीणचे महिन्याचे 1500 मिळतात का? नाही मिळत. त्याला आधार जोडलेलं बँक खातं लागतं, रहिवासाचा पुरावा लागतो, नंतर ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी आली त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला. हिचा नवरा कधीच सोडून गेलाय. तिचे कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळून उशाखाली असायचे, एकदा कारवाईची गाडी आली तेव्हा ती नळावर गेली होती, गाडीने गोधडी, पातेली, पिशवी सगळं उचलून नेलं. रेशनकार्ड त्यातच गेलं, ते अजून झालेलं नाही. ती पहाटे चारला भंगार वेचायला निघते, तिला कामाची सवय गेलीय म्हणायचं? आणि समजा 1500 मिळाले, तरी मुंबईत दहा बाय दहाची खोली तेवढ्यात येत नाही, डिपॉझिट तर सोडाच.

निवारे रिकामे? काही ठिकाणी खाटा रिकाम्या असतात, मान्य. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा, कुटुंबाने काय करायचं, आणि कामापासून लांब असेल तर पहाटे चारला कसं पोचायचं? शिवाय नियम एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा असा आहे, म्हणजे 2011 च्या जनगणनेने मुंबईत सव्वाशेच्या आसपास हवेत. त्याच्या जवळपासही आपण कधी गेलो नाही. त्याच जनगणनेत राज्यात 2 लाख 10 हजार बेघर मोजले होते, तेव्हा रिकाम्या खाटांचे फोटो टाकून काही सिद्ध होत नाही.

'पोलिसांना कळवा' हे मात्र सगळ्यात वाईट. आपल्याकडे 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे, त्यात उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी फिरतोय, म्हणजे भीक मागूनच जगत असणार, एवढ्यावरही माणसाला उचलता येतं, आणि कोर्टाने भिकारी ठरवलं तर पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्लीत हायकोर्टाने 2018 मध्ये यातली मुख्य कलमं रद्द केली, महाराष्ट्रात ती चालू आहेत. तुमच्या एका फोनने कोणाची तरी आई आत जाऊ शकते.

फोन करायचाच असेल तर मतदार नोंदणीसाठी करा. बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही, बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, रात्री येऊन बघतो की हा खरंच तिथे झोपतो का, आणि नाव लागतं. आईला मी हे सांगितलंय, पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी त्या बाईचा मतदार नोंदणीचा फॉर्म 6 भरतोय.