मका ओतून हरीण वाचत नाही

"हरणाला चार पोटं असतात, ते काहीही पचवतं. चारा संपला की रानात पोतंभर मका ओता, जीव वाचेल." अशा आशयाचा मेसेज फिरतोय. भावना चांगली आहे, पण सल्ला हरणाच्या जिवावर बेतणारा.

चार पोटं? पोट एकच, कप्पे चार: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. आपल्या जठरासारखा आम्लरस फक्त चौथ्यात सुटतो.

काहीही पचवतं? सेल्युलोज (चाऱ्यातला चिवट तंतू) तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, हरणाचं शरीर बनवतच नाही. ते काम कोटीपोटातले जिवाणू, आदिजीव आणि बुरशी करतात. एका मिलिलिटर द्रवात जिवाणूच अब्जावधी. पण ही वस्ती रोजच्या चाऱ्यावर पोसलेली. पाला-डहाळ्यांवर जगणाऱ्या हरणाच्या पोटात लॅक्टिक आम्ल वापरून टाकणारे जिवाणू मोजकेच असतात, आणि ते वाढून पोटाची घडी बसायला दोन-तीन आठवडे जातात.

आता मका. एवढं पिष्ट एकदम मिळालं की स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू माजतात आणि लॅक्टिक आम्ल साचतं. दाण्यांवर रवंथ फारशी होत नाही, त्यामुळे आम्ल मारणारी लाळही तोकडी पडते. एरवी ६ च्या आसपास असलेला सामू (pH; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ५ च्या खाली घसरतो. चारा पचवणारे जिवाणू आणि आदिजीव मरतात; आम्लात तगणारे लॅक्टोबॅसिलस उरतात आणि आणखी आम्ल ओततात. कोटीपोटातला द्रव रक्तापेक्षा तीव्र झाला की रक्तातलं पाणी आत ओढलं जातं. पोट पखालीसारखं डुचमळतं आणि जनावर मात्र आतून सुकत जातं: डोळे खोल, हगवण, झोकांड्या. बरेचदा एक ते तीन दिवसांत खेळ संपतो. त्यातून वाचलंच, तरी कोटीपोटाचं अस्तर जळालेलं आणि खूर सुजलेले.

"खाल्लं, म्हणजे तगलं"? अशा हरणाचं पोट मेल्यावरही गच्च भरलेलं सापडतं. आत आंबूस वासाचा, दाण्यांचा पातळ लगदा. (अस्तर सोलून निघतंय एवढ्यावर मात्र निदान करू नये, मेल्यावर काही तासांत ते तसंही सुटतं. सामू मोजावा.)

बंदिस्त हरणांना दाणा देता येतो: मूठभरापासून सुरुवात, सोबत भरपूर चारा, आणि वाढ दोन-तीन आठवड्यांत हळूहळू. रानात मात्र ढीग ओतला की दांडगा नर आधी येतो, इतरांना हुसकावतो आणि एकटाच पोटाला तडस लागेपर्यंत खातो.