दोन महिन्यांत रिंग निघत नाही

पायाचं गेलेलं हाड कसं भरतात यावरच्या एका लेखात म्हटलंय, ६ सेंमी हाड गेलं तरी रिंग (पायाभोवतीची, पिनांनी हाडाला धरलेली चौकट) लावून दोन महिन्यांत भरून निघतं. दोन महिने फक्त हाडाचा कापलेला तुकडा रिकाम्या जागेकडे सरकवण्याचे झाले. हाड कापल्यावर आधी ७ ते १० दिवस थांबायचं, मग दिवसाला १ मिमी, तेही एकदम नाही. दर सहा तासांनी नटाला पाव फेरा. तुकड्यामागे तयार झालेलं नवं हाड कडक व्हायला त्यापुढे कित्येक महिने, म्हणून रिंग सहज आठ-नऊ महिने पायात राहते. नटावर मार्करनं खूण करून द्यावी, नाहीतर घरी उलटा फेरा बसतो. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात घामानं पिनांभोवती पू धरतो. ती जागा रोज पुसायलाच हवी. शेवटी टोकं भिडतात तिथं जुळत नसेल तर कमरेचं हाड भरावं लागतं.

रिकाम्या जागी हाडाचं सिमेंट ठेवून ६-८ आठवड्यांनी त्याभोवती तयार झालेल्या पडद्यात हाडाचा चुरा भरायची पद्धतही चांगली, पण आधी जंतुसंसर्ग पूर्ण आटोक्यात हवा. गेलेल्या हाडाच्या जागी बसवायच्या थ्रीडी प्रिंटेड सांगाड्याचं लेखातलं कौतुक ठीक. रक्तपुरवठा नसेल तर तोही नुसता सांगाडाच. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा? तो सुरू असेल तर हाड धरायला उशीर होऊ शकतो.