टोपी उचला!

टांझानियातील किगोमाहून उजीजी हे टांगानिका सरोवराकाठचे जुने बंदर एका दिवसात 'करून' येण्याची सोय आहे. बागामोयोच्या समुद्रकिनाऱ्यापासून निघालेले व्यापारी तांडे येथवर येत, आणि परतताना हस्तिदंत व माणसे दोन्ही घेऊन जात. त्या इतिहासासमोर माणूस गप्पच उभा राहिला असता. पण आमचा मार्गदर्शक कोणालाही गप्प उभे राहू देणाऱ्यांतला नव्हता.

१८७१ साली ज्या आंब्याखाली शोधार्थ आलेल्या पत्रकार स्टॅन्लेला आफ्रिकेत बेपत्ता झालेला मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टन सापडला, तेथे त्याने आम्हांला आधी नेले. मूळ झाड केव्हाच वाळले असून हल्लीचे आंबे त्याची कलमे आहेत, असे त्याने सांगितले. कलम म्हटल्यावर कोकणातल्या माणसाच्या मनात जो प्रश्न येतो, तो मी विचारला : "फळ कसं लागतं?" त्याने माझ्याकडे असे पाहिले, की पुढचा प्रश्न मी गिळला. पूर्वी सरोवर येथून जवळ होते, आता ते मागे हटले आहे, असे सांगून त्याने छत्रीने लांब कोठेतरी दाखवले. खोलीत जगात दुसरे असलेले हे सरोवर आम्ही त्या छत्रीच्या टोकावरच पाहिले.

मग नाट्यप्रयोग झाला. वय आणि थकवा पाहून लिव्हिंगस्टनची भूमिका मला मिळाली. समोरच्या तरुण स्टॅन्लेने "आपणच डॉक्टर लिव्हिंगस्टन ना?" असे विचारायचे आणि मी टोपी उचलायची, हे प्रत्येकाचा फोटो मनासारखा येईपर्यंत भर उन्हात चालू राहिले. स्टॅन्लेच्या रोजनिशीतून त्या भेटीची पानेच फाडलेली आहेत, तेव्हा हे वाक्य प्रत्यक्षात उच्चारले गेले की नाही कोणास ठाऊक, असे मी म्हणून पाहिले. उत्तर मिळाले, "टोपी जरा वर."

संग्रहालयात मात्र माझ्यातला नाशिककरांचा जावई जागा झाला. नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन शाळेत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत. त्यांतल्या काहींना लिव्हिंगस्टनने १८६६च्या मोहिमेत बरोबर घेतले होते. पुढे १८७३ साली तो वारल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत त्याच शाळेचा जेकब वेनराइट होता आणि वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीला हातही त्याने लावला, हे सारे मी एका दमात सांगितले. मार्गदर्शकाने घड्याळ पाहून "आता बाजार" असे जाहीर केले.

बाजारात ताडपत्र्यांवर डागा नावाची बोटाएवढी चंदेरी मासळी वाळत होती. सबंध दिवसात मला मनापासून थांबावेसे वाटले ते तेथेच, म्हणूनच बहुधा तेथे पाच मिनिटे मिळाली. विकणाऱ्या बाईंनी कागदात बांधून दिलेली पुडी चालकाने गाडीत घेऊ दिली नाही. ती टपावर बांधावी लागली.

परतण्यापूर्वी आमचा मार्गदर्शक दुसऱ्या तुकडीला आंब्याखाली उभे करून सांगत होता, की लिव्हिंगस्टन नाशिकच्या शाळेत शिकला आणि हे गृहस्थ त्याच शाळेचे. दोघातिघांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतले. मी खुलासा करण्यासाठी तोंड उघडले, तोच मागून हुकूम आला, "टोपी!"